सोपा चढ

घरात मी आजारी होते आणि घराबाहेर ठणठणीत. नऊ वर्षांची असताना मला सांधेताप झाला. आधी घसा धरला, मग गुडघे सुजले, मग घोटे. शेवटी संगमनेरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि अण्णांना बाजूला नेऊन सांगितलं, की हृदयाची एक झडप जराशी गळते आहे. पोरगी जगेल, पण इंजेक्शन चुकवायचं नाही आणि तिला दमवायचं नाही. अण्णांनी हे आईला सांगितलं ते एसटी स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभं राहून. मी बाकावर बसून रस पीत होते. आईने पदर तोंडाशी धरला, आणि मग जे पहिलं वाक्य बोलली ते असं : "हे गावात कुनाला कळाया नको. पोरीची जात हाय."

तेव्हापासून आमच्या घराला दोन कामं लागली. मला जपायचं आणि मला जपतोय हे कुणाला दिसू द्यायचं नाही. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन असायचं. ते तालुक्याच्या गावी, अकोल्यात घेतलं असतं तर कंपाउंडरच्या तोंडून गावात आलं असतं, म्हणून आई मला घेऊन संगमनेरला जायची. विचारलं तर सांगायचं, मावशीकडे चाललोय. मावशी होती, पण तिच्या घरी आम्ही वर्षातून एकदा जेमतेम जायचो. इंजेक्शन कमरेत बसायचं आणि दोन दिवस पाय ओढत चालायला लागायचं. मग त्याचंही काहीतरी सांगायचं. काटा रुतला, न्हाणीत घसरले. शाळेत कवायतीला मी कधी उभी राहिले नाही. मला ऊन सोसत नाही असं अण्णांनी गुरुजींना सांगून ठेवलं होतं. आजही कुणी माझ्या उन्हाची काळजी केली, की मला आधी ते खोटं आठवतं.

आमचं घर प्रवरेच्या अंगाला, डांबरी रस्त्यापासून बरंच खाली होतं. अंगणात उभं राहिलं की तिन्ही बाजूंना डोंगर. माझ्या वयाच्या पोरी गुरांमागे त्या डोंगरांवर जायच्या, करवंदांनी ओठ काळे करून यायच्या, आणि मी ओट्यावर बसून शेंगा फोडायची. तसं सुखच होतं म्हणायचं. भात लावायला मला कुणी चिखलात उतरवलं नाही, पाण्याचा हंडा डोक्यावर दिला नाही. आई माझ्यासाठी दूध बाजूला काढून ठेवायची. हुलग्याची शेंगोळी शिजली की तिखटाच्या आधी माझा वाडगा वेगळा निघायचा. दुपारी घरात कुणी नसलं की मोटरीचा घरघराट, कांद्याच्या चाळीत शिरलेल्या कोंबड्या आणि माझ्या छातीतला ठोका, एवढेच आवाज. तो ठोका मी फार ऐकायची. रात्री उशीवर कान टेकला की तो उशीतून ऐकू यायचा. एखादा चुकला असं वाटलं की मी श्वास धरून पुढच्याची वाट बघायची. संध्याकाळी आई शेतातून आली की हात धुवायच्या आधी माझ्या घोट्यांवर अंगठा दाबून सूज बघायची. माझ्या पायांवर तिचे चिखलाचे ठसे राहायचे.

बारावीत असताना आमच्या कॉलेजात कुलकर्णी मॅडम आल्या. समाजशास्त्र शिकवायच्या, बारीक अंगाच्या, स्कूटरवरून यायच्या. त्यांनी मुलींची एक दिवसाची पायी सहल काढायचं ठरवलं. फार लांब नाही, गावाबाहेर वनविभागाने टेकडीवर वनोद्यान केलं होतं, तिथेच. पायथ्याला कमान, तिथून फरशीची वाट, मधेमधे बाकडी. आमच्याकडच्या मुलींना त्यात हसूच आलं. ज्या रोज डोंगर चढून चारा आणायच्या त्यांना ही टेकडी म्हणजे बाजाराला जाण्याइतकीच. पण मॅडमना त्याची तयारी हवी होती. चपला नको, पाय धरून ठेवणारे बूट हवेत. पाणी प्रत्येकीने आपलं घ्यायचं. डोक्याला रुमाल. आधीचे आठ दिवस रोज अर्धा तास चालायचं. आणि शेवटी म्हणाल्या, "कुणी कुणाच्या पुढे पळायचं नाही. जी सगळ्यात हळू चालेल तिच्या चालीने सगळ्यांनी चालायचं."

हे वाक्य ऐकलं आणि मी हात वर केला. मला कुणी विचारलंही नव्हतं.

तयारी मी चोरून केली. बूट माझ्या मैत्रिणीने, मंदाने, तिच्या भावाचे आणून दिले. एक बोट मोठे होते, पुढे कापूस कोंबला. चालायला मला बाहेर सोडणार कोण? म्हणून आई शेतात गेली की मी घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, जायचा जिना चढायची आणि उतरायची. पहिल्या दिवशी दुसऱ्याच फेरीला छातीत असं धडधडलं की मी पायरीवर बसले. तोंडाला कोरड पडली, कानशिलं उडायला लागली. मला वाटलं, झालं, फाटली झडप. आता आई येईल आणि मी इथे पडलेली सापडेन, मंदाच्या भावाचे बूट घातलेली. पण थोड्या वेळाने ठोका आपोआप खाली बसला. मी उठून पाणी प्याले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आठ वर्षांत कधी दमलेच नव्हते. दमल्यावर माणसाला काय होतं हेच मला माहीत नव्हतं. धाप लागली म्हणजे माणूस मरायला लागतं की नुसतं दमतं, हे विचारायचं तरी कुणाला? मंदाला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, असं का विचारतीस?

सहलीच्या आधीच्या रविवारी कुलकर्णी मॅडम आमच्या घरी आल्या. ज्या मुली खेड्यातून यायच्या त्यांच्या आईबापांना त्या स्वतः भेटत होत्या. स्कूटर वर रस्त्यावर लावून त्या घामाघूम होत खाली उतरल्या, आणि नेमकी त्याच दिवशी आमची आत्या आलेली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, राहुरीकडे दिलेली. आवाज मोठा, मन मोठं, मशेरी लावल्याशिवाय बोलायला तोंड उघडायची नाही आणि उघडलं की मिटायची नाही. तिच्या सासरच्या नात्यातला एक मुलगा साखर कारखान्यात लागला होता. त्याच्यासाठी तिने माझं नाव काढलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात पाहुणे आमच्याकडे येणार होते. आत्याला माझ्या दुखण्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तिला तर मुळीच कळू द्यायचं नाही, असं आईचं म्हणणं होतं.

आईने चहा ठेवला. मॅडमनी सहलीचं सांगितलं आणि विचारलं, "काही अडचण नाही ना? तब्येतीचा वगैरे काही त्रास?"

"न्हाई, न्हाई," आई घाईने म्हणाली. "त्रास कसला? चांगली धडधाकट हाय. पन त्या दिशी कांदं भरायचं हायत."

"काय गं शांता," आत्या मधेच म्हणाली, "ही पोर कवा कांदं भरती? हिला मी कधी पाटी उचलताना न्हाई बघितलं. जाऊ दे की. लगीन झाल्यावर कोन न्हेनार हाय हिला डोंगरावर?"

"उनाचं..."

"मार्गशीर्षात कसलं ऊन?"

आईने अण्णांकडे पाहिलं. अण्णा कपातल्या चहाकडे बघत होते. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते तिथे बोलता येत नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि मला स्पष्ट दिसलं, की जिथे मी आठ वर्षं अडकले होते तिथेच आता आई अडकली आहे. मला त्यात आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "जाईल की," ती म्हणाली. "जाईल."

त्याच आठवड्यात, आत्या अजून आमच्याकडेच मुक्कामाला असताना, इंजेक्शनची पाळी आली; तिलाही मावशीचंच सांगितलं. म्हातारे डॉक्टर आता बसत नव्हते. त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. एरवी इंजेक्शन नर्स द्यायची आणि आम्ही मागच्या दाराने निघायचो. त्या दिवशी मी सरळ बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "मला टेकडी चढता येईल का?" आईने माझा दंड धरला. बाईंनी मला झोपवलं, छातीला नळी लावली, कुशीवर वळवलं, पुन्हा ऐकलं. "आवाज आहे, पण बारीक आहे. छातीचा फोटो काढून घेऊ कधीतरी. पण चालायला काय हरकत आहे? हळूहळू चालावं हिने. रोजच चालावं. कुणी नको सांगितलं?"

"आधीच्या डाक्टरांनी," आई म्हणाली.

"कधी?"

आईने मला उठवून इंजेक्शनच्या खोलीकडे नेलं. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. कळसचा थांबा गेला तेव्हा एवढंच म्हणाली, "काल आलेली पोर ती. तिला काय ठावं, तुला ताप चढला हुता तवा मी कशा राती काढल्या."

मला वाटलं होतं की डॉक्टरांनी हो म्हटलं की सुटले. तसं झालं नाही. आईच्या भीतीला डॉक्टरांचा हो लागू पडत नव्हता, आणि आता आई झाल्यावर मला त्याचं नवल वाटत नाही. माझी मुलगी सायकलवरून क्लासला जाते तेव्हा ती पोचल्याचा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि मला आईची भीती म्हणजे दाराला बाहेरून घातलेली कडी वाटायची.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी आई चुलीपुढे बसून दशम्या करत होती. दुधात मळलेलं पीठ, त्याचा गोडसर वास, शेजारी पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी. सहलीला नेण्यासाठीच करत होती, आत्याच्या देखत केल्या नाहीत तर तिला शंका आली असती. मी लाकडं आणायला मागच्या दारी गेले तशी ती मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "सकाळी उठलीस की पोट धरून बस. मी बगते पुढचं."

"मी न्हाई बसायची."

"बसायचं म्हनलं ना! तिथं समद्यांसमोर पडलीस तर? त्या पोरी गावभर करतील. आनि पुढच्या आठवड्यात पाहुनं हायत."

"आई, डॉक्टरीणबाई म्हनल्या ना..."

"पोट धरून बसायचं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी लाकडं घेऊन तशीच उभी राहिले. पोट धरून बसले असते तर दुसऱ्या दिवशीची टेकडी गेली असती, एवढंच नाही. मग लग्न झालं असतं. मग राहुरीकडच्या कुठल्या तरी घरात मी असंच कुणाला न सांगता इंजेक्शन घ्यायला मावशीकडे गेले असते, दुखणारा पाय न ओढता चालायला शिकले असते, आणि डोक्यावर हंडा घेताना छातीत धडधडलं तरी हसत राहिले असते. घरातलं आजारपण निदान घरातलं होतं. तिथे तेही माझं राहिलं नसतं.

आत गेले तर आत्या भिंतीला टेकून लसूण सोलत होती. अण्णा उंबऱ्यावर बसले होते. आत्या म्हणाली, "उद्या जपून जा गं शैले. पाय-बिय मुरगाळून घिऊ नको. लंगडी नवरी कोन पसंत करील?" आणि हसली.

मी लाकडं खाली ठेवली. "आत्या, माझ्या हृदयाची झडप गळती. लहानपनापास्नं. आमी मावशीकडं न्हाई जात, इंजेक्शनला जातो."

आत्याच्या हातातली पाकळी तशीच राहिली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"खोटं बोलती ती," आई म्हणाली. तव्यावरून नजर न उचलता, अगदी सपाट आवाजात. "तिला लगीन करायचं न्हाई म्हनून बोलती."

माझ्या आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नाही. खरं बोलल्यावर काहीतरी उघडेल असं वाटलं होतं, आणि ते खरंही आईने एका वाक्यात बुजवून टाकलं. दशमी तव्यावर करपत होती. तेवढ्यात उंबऱ्यावरून अण्णा बोलले. ते घरात इतके कमी बोलायचे की कोण बोललं हे कळायला मला एक क्षण लागला.

"खरं हाय, अक्का. पोरगी खरं बोलती."

आईने उलथनं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आत्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सोललेला लसूण वाटीत भरला, सालं गोळा करून चुलीत टाकली, आणि म्हणाली, "मी माझ्या सासरी शब्द दिला हुता शांता. माझ्या भावाची पोर सोन्यासारखी हाय म्हनून. उद्या काय कळलं असतं तर मला तिथं त्वांड दाखवाया जागा उरली असती का?"

"वन्सं, मी काय करू? पोरीची आई हाय मी."

"मला सांगायचं हुतं. मी काय परकी हुते?"

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. सकाळी मला कुणी उठवलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. दशम्या फडक्यात बांधून ओट्यावर ठेवलेल्या होत्या, करपलेली बाजूला काढून. आई गोठ्यात होती, धारेचा आवाज येत होता. धार संपल्यावरही ती बाहेर आली नाही. आत्याने पिशवी भरली होती. अण्णांनी मोटरसायकल बाहेर काढली तशी ती म्हणाली, "नको. मी चालत जाईन वर." एरवी मला रस्त्यापर्यंत अण्णाच पोचवायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि आत्याच्या मागोमाग निघाले.

आत्या रागात भराभर चालत होती. रस्त्याचा तो चढ मी पहिल्यांदाच पायी चढत होते. अर्ध्यावर धाप लागली, पण मी थांबा म्हटलं नाही. माझ्या श्वासाचा आवाज तिच्यापर्यंत गेला असावा. ती थांबली. मागे वळली नाही, नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी राहिली. मी तिच्यापर्यंत पोचले तशी पुन्हा चालू लागली, आता हळू. एसटी यायच्या आधी ती म्हणाली, "राग मला तुझ्या आईचा हाय. तू बोललीस त्याचा न्हाई. पन हे स्थळ आता व्हायचं न्हाई, बाळा. मी खोटं न्हाई सांगनार त्यांना." मी म्हटलं, "नका सांगू खोटं." तिने तळहातांनी माझ्या तोंडावरून उतरवून कानशिलावर बोटं मोडली आणि उलट्या बाजूच्या गाडीत बसून निघून गेली. पुढची चार-पाच वर्षं ती आमच्या घरी आली नाही. नात्यात सगळ्यांना कळायचं ते कळलं. स्थळं यायची बंद झाली, आणि आईला लग्नाकार्यात बायका ज्या नजरेने विचारायच्या, 'पोरगी बरी हाय ना?', ती नजर तिने निमूट सोसली. मी शिकत राहिले, कारण दुसरं काही करायला कुणी सांगत नव्हतं. लग्न माझं फार उशिरा झालं, सगळं आधी सांगून. आता जिल्ह्याचं नावही बदललं, ते म्हातारे डॉक्टर गेले, प्रवरेवर नवा पूल झाला. त्या सकाळी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी कमानीपाशी जाऊन मॅडमना सांगितलं, की मला हा असा त्रास आहे आणि मी सगळ्यात हळू चालेन. मॅडमनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग बाकीच्यांना म्हणाल्या, "शैला पुढे राहील. तिच्या मागे सगळ्या."

टेकडी सोपीच होती. दोन बाकड्यांवर बसावं लागलं, आणि माझ्याबरोबर आणखी दोघी तिघी बसल्या, त्यांनाही दम लागला होता. मला ते बघून इतकं बरं वाटलं की मी हसले, आणि मंदा म्हणाली, येड लागलं का तुला?

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. गुरं तशीच बांधलेली, दिवा लावलेला नव्हता. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे. मी शेजारी बसले. तिने माझे बूट सोडले, आतला कापूस काढून बघितला, आणि अंगठ्याने घोटे दाबले. एक, मग दुसरा. सूज नव्हती. ती तशीच पाय धरून बसून राहिली.

मग तिने विचारलं, "वर काय हाय गं?"

या डोंगरांच्या कुशीत जन्म गेला होता तिचा, पण त्या टेकडीवर ती कधी गेली नव्हती. माझ्या दुखण्यानंतर तर माहेरालासुद्धा ती मुक्कामाला गेली नव्हती, हे त्या क्षणी माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं.

"काय न्हाई," मी म्हणाले. "एक सिमेंटची छत्री हाय. चार बाकडी हायत."

"बास?"

"बास."

"एवढ्यासाठी गं?" ती म्हणाली, माझे पाय तसेच धरून.

"व्हय," मी म्हणाले. "एवढ्यासाठी."